लॉकडाउनमध्ये दारू वाढली, की नुसती जागा बदलली? (गोवा)

म्हादयकाठ (धागालेखक)

गेल्या रविवारी भंगारवाला आला होता. दोन गोणी बाटल्या निघाल्या. मोजता मोजता तो सहज बोलून गेला, "साहेब, पूर्वी तुमच्याकडे नुसती रद्दी असायची. बाटल्या कोरोनापासून चालू झाल्या." बायको दारातच उभी होती. ती काही न बोलता आत गेली. मी पैसे घेतले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून हा धागा.

आधी माझंच सांगतो. घर फोंड्यात, नोकरी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत. मार्च २०२० पर्यंत माझं पिणं म्हणजे बुधवार आणि शनिवार, सुटल्यावर वाटेवरच्या तवेर्नात, म्हणजे आपल्या गावठी बारमध्ये. साठ मिलीचे दोन पेग, सोबत उकडलेलं अंडं नाहीतर चणे, साडेआठला घरी. पात्रांव (मालक) पितळी मापाने ओतायचा. माप काठोकाठ भरलं की बाटली अशी झटकन उभी करायचा की पुढचा थेंब तोंडाशीच अडायचा. तिसरा मागितला तर "पुरो रे, घरा वच" म्हणून बाटली फळीवर ठेवून द्यायचा. धंदा त्याचा, आणि नको म्हणणाराही तोच.

मग २२ मार्चचा जनता कर्फ्यू आला. आपल्याकडे तो उठलाच नाही, त्यातच लॉकडाउन मिसळलं. पहिले काही दिवस किराणासुद्धा बंद होता, आठवत असेल. दारूचा विचार करायची सोय नव्हती, पीठ आणि दूध मिळवतानाच जीव जात होता. घरात पोटदुखीसाठी ठेवलेली पाऊण बाटली फेणी होती. ती मी एप्रिलमध्ये पोट न दुखता संपवली.

४ मेला दुकानं उघडली. दिल्ली-मुंबईसारख्या किलोमीटरभर रांगा इथे नव्हत्या, पण मी मात्र "परत बंद झालं तर?" म्हणून चार बाटल्या एकदम आणल्या. आयुष्यात पहिल्यांदा. त्या दिवसापासून घरात बाटली नाही असा दिवस मला आठवत नाही. आठवड्यातले दोन दिवस होते त्याचे सात कधी झाले, ते सांगता येणार नाही. वेळही आठवरून सातवर, मग सहावर. कंपनीत निम्मी माणसं बोलवायचे तेव्हा काही दिवस चारवरही आली होती.

तरी मी स्वतःला सांगतो की दोनच पेग घेतो. तेव्हाही दोन, आताही दोन. तुमच्याकडे काय झालं? खरं खरं लिहा, इथे कुणी कुणाला ओळखत नाही.

शेकर

पहिला नंबर माझा. माझं उलटं झालं, माझी सुटली.

उत्तर गोव्यातल्या किनाऱ्यावर बारमन होतो, नऊ वर्षं. आमच्या धंद्यात दारू पगारासारखीच असते. रात्री एकला काउंटर पुसून झाला की सगळा स्टाफ मागच्या पायरीवर बसायचा आणि ज्याला जे हवं ते. त्याला कुणी पिणं म्हणतच नसे. मार्च २०२० मध्ये बार बंद झाला, मालकाने अर्धा महिना दिला आणि घरी जा म्हणाला. मी काणकोणला घरी आलो. खिशात पैसा नाही, मागची पायरी नाही, दोस्त नाहीत. आठ-दहा दिवस झोप लागली नाही, नंतर लागायला लागली. मला वाटायचं मला दारू लागते. मला ती पायरी लागत होती.

म्हणून "कोरोनात सगळे प्यायला लागले" असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. पैसा आणि अड्डा दोन्ही गेले तिथे कमी झाली. पगार चालू राहिला आणि घरात कपाट होतं तिथे वाढली.

वाळपयकार

धागा छान. आमच्या बाजूची गोष्ट लिहितो, कारण वर सगळी पिणाऱ्यांची बाजू आली आहे.

लॉकडाउन नेमकं काजूच्या मोसमात आलं. सत्तरी तालुक्यात मार्च ते मे भट्ट्या पेटलेल्या असतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बोंडू पायांनी मळायचे, रस आंबवायचा आणि तांब्याच्या भाणात उकळायचा. पहिल्या धारेचा तो हुर्राक, साधारण १५ टक्क्यांचा. तो परत उकळला की फेणी, ४२-४३ टक्क्यांची. फेणी वर्षानुवर्षं राहते, उलट मुरते. हुर्राकाला ते भाग्य नाही, तो मोसमातच संपवावा लागतो.

त्या वर्षी बोंडू पडत होते आणि उचलायला माणसं नव्हती. कामगार गावी अडकलेले नाहीतर पायी निघालेले. परवाने, पास, पोलीस, सगळं निस्तरून आम्ही भट्टी लावली तर हुर्राक प्यायला गिऱ्हाईक कुठे? शॅक बंद, तवेर्न बंद, पर्यटक नाहीत. वडील म्हणाले, सगळा परत भाणात घाला. त्या वर्षी आमच्याकडे हुर्राक जवळजवळ राहिलाच नाही, सगळ्याची फेणी केली. लाकूड दुप्पट जळलं.

पण जो थोडा राहिला तो कसा खपला ते सांगतो. पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीत, पिशवीत घालून, फाटकापर्यंत. पूर्वी हुर्राक म्हणजे आंब्याखाली बसून, लिंबू पिळून, मिरची चिरून, चार माणसांत. एकट्याने लिटर घरी नेऊन पिणारे आमच्या गावात नव्हते. त्या मोसमात झाले. माणूस कसा पितो ते बाटलीचा आकार ठरवतो, हे मला तेव्हा कळलं. तवेर्नात गेलेला माणूस कोपभर (पेलाभर) पितो, घरी लिटर नेलेला माणूस लिटर पितो.

अवांतर: काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, राज्याने तिला वारसा पेयही म्हटलं, पण भट्टी चालवणाऱ्याच्या पोराला त्या धंद्यात राहावंसं वाटत नाही हा वेगळा धागा होईल.

दोडामार्गी

आम्ही शेजारचे, महाराष्ट्रातले, पण या विषयात आम्हाला बोलायचा हक्क आहे. गोव्याची निम्मी दारू आमच्या पोटात जाते. 😀

आमच्या पेपरांत "गोवा बनावटीची दारू जप्त" ही बातमी हवामानासारखी रोज असते. लॉकडाउनमध्ये दोडामार्ग आणि पत्रादेवीचे नाके बंद झाले आणि क्वार्टरचा भाव ऐकून माणसं शुद्धीवर यायला लागली. माझ्या ओळखीच्या एकाने नव्वद रुपयांच्या मालाला चारशे मोजले. रानातून, ओढ्यातून, जिथून वाट मिळेल तिथून माल येत होता. ज्याला एरवी दुचाकीवर हेल्मेट जड होतं तो गृहस्थ रात्री खांद्यावर खोका घेऊन चार किलोमीटर चालला.

पण हसण्यावारी नेऊ नका. दुकान बंद केलं म्हणजे तहान बंद होत नाही. एप्रिल २०२१ मध्ये आमच्याच राज्यात, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत, दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायले आणि सात माणसं गेली. मोलमजुरी करणारी माणसं.

शंकेखोर

दारूने विषाणू मरतो म्हणून पिणारे विसरलात काय? आमच्या कॉलनीत एक गृहस्थ रोज सकाळी कोमट पाण्यात फेणी घेत. प्रतिबंधक उपाय म्हणे. वर "सॅनिटायझरमध्ये तेच असतं" हे शास्त्र. त्यांना कोरोना झाला नाही हेही खरं, त्यामुळे आजतागायत ते कॉलनीचे धन्वंतरी आहेत.

रात्रपाळी

सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. कुठला ते विचारू नका.

शंकेखोर, त्या धन्वंतरींना सांगा: जागतिक आरोग्य संघटनेच्या हातावर चोळायच्या द्रावणात ८० टक्के इथेनॉल असतं. फेणी त्याच्या निम्मी. हातावर चोळून उपयोग नाही, पोटात जाऊन तर नाहीच. विषाणू फुप्फुसात, फेणी रक्तात, रक्तात तिचं प्रमाण टक्क्याच्या दशांशात. उलट रोज जास्त पिणाऱ्याची प्रतिकारशक्ती कमी होते. इराणमध्ये २०२० च्या सुरुवातीला याच समजुतीने विषारी मिथेनॉल पिऊन शेकडो माणसं दगावली. आपल्याकडे सर्दीला छातीवर फेणी चोळतात, जिऱ्याची फेणी पोटाला देतात, ते आजीचं औषध चमचाभर होतं. कोपभर नव्हतं.

आता मला जे लिहायचं आहे ते. मार्च २०२० चा शेवटचा आठवडा. आम्ही सगळे कोरोनाची वाट बघत बसलेलो, अंगात ते प्लास्टिकचे झगे. राज्यात एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत मोजून सात रुग्ण झाले आणि १९ तारखेपर्यंत सातही बरे झाले. आमच्याकडे मात्र वेगळीच माणसं यायला लागली. घाम, थरथर, नाडी धावतेय, अंगात कणकण. घरचे लांब उभे, तोंडावर रुमाल, "कोरोना असेल" म्हणून. एकजण पलंगाच्या चादरीवरून मुंग्या वेचत होता. एकही मुंगी नव्हती. त्याच्या बायकोला विचारलं, रोज घेतात का? ती म्हणाली, "घेतात, पण आता चार दिवस झाले, अगदी बंद आहे. चांगलं झालं ना?"

तिला ते समजावताना मला जड गेलं. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद झाली तर सहा तासांपासून दिवसभरात थरथर सुरू होते, फिट आली तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते, आणि भास, भ्रम, ताप हे दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. यात माणूस मरतो. औषध दिलं तर वाचतो. सलाईनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होते. हे घरी "मनाचा निग्रह" म्हणून करायचं काम नाही.

केरळमध्ये याच दिवसांत आत्महत्या झाल्या म्हणून सरकारने ३० मार्चला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला होता. डॉक्टर भडकले, आणि २ एप्रिलला हायकोर्टाने स्थगिती दिली. डॉक्टरांचंच बरोबर होतं, यावर औषधं आहेत, दारू हे औषध नव्हे. पण त्या आदेशामागची घाबरगुंडी मला समजते. आमच्या वॉर्डात ती मी पाहिली आहे.

आकडेमोड

चर्चा रंगतदार, पण सगळी "माझ्या ओळखीचा एक" या थाटाची. म्हणून थोडं रुक्ष लिहितो.

कुणीतरी आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा पाचवा अहवाल आणून टाकेल आणि म्हणेल, बघा, २०१९-२१ मध्ये गोव्यात १५ वर्षांवरच्या पुरुषांत ३६.९ टक्के पिणारे, बायकांत ५.५. महाराष्ट्रात पुरुष १३.९. देशात १८.८. आकडे खरे आहेत. मात्र त्यावरून कोरोनाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. ते सर्वेक्षण दोन टप्प्यांत झालं आणि गोवा पहिल्या टप्प्यात होता, जो जानेवारी २०२० अखेर संपला. म्हणजे हा कोरोनाच्या आदल्या दिवशीचा गोवा आहे. नंतरचा नव्हे. वर्तमानपत्रवाले अहवालावरचं "२१" बघतात आणि मथळा देतात.

दुसरं, "पितो की नाही" हा प्रश्नच इथे अपुरा आहे. म्हादयकाठ पूर्वीही पिणारे आणि आताही पिणारेच. सर्वेक्षणात त्यांच्या घरात काहीच बदललं नाही. शेकर मात्र गळले. दोघांचा हिशोब जुळवला तर पिणाऱ्यांची संख्या कमी झाली असं उत्तर येईल!

ब्रिटनचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. तिथे २०२० मध्ये पब महिनोन्‌महिने बंद होते. एकूण पिणं फार हललं नाही. पण निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू २०१९ मध्ये ७,५६५ होते ते २०२० मध्ये ८,९७४ झाले. एका वर्षात १८.६ टक्के वाढ. थोडी पिणाऱ्यांनी कमी केली आणि जास्त पिणाऱ्यांनी आणखी वाढवली, सरासरी तिथल्या तिथे. सरासरीवर भरवसा ठेवणारा माणूस सरासरी दोन फूट पाण्यात बुडतो.

शेकर

आकडेमोड, "गळले" हा शब्द आवडला. 🙏

एक राहिलं. सप्टेंबर २०२० ला बार उघडले, मी दुसरीकडे लागलो (हो, बारमध्येच. आणि हो, अजून घेत नाही). तेव्हा गिऱ्हाईकच बदललेलं. पूर्वी शुक्रवारी रात्री येऊन रविवारी दुपारी विमान पकडणारं. आता मुंबई-दिल्लीहून लॅपटॉप घेऊन आलेले, आसगाव-शिवोलीत महिन्याच्या भाड्याने राहिलेले. मंगळवारी दुपारी बाराला जिन. समोर मीटिंग चालू, कॅमेरा बंद. आम्ही कॉफीच्या मगात द्यायचो, तसं सांगायचेच ते. सुट्टीतलं पिणं आणि रोजचं पिणं यातली रेघच पुसली गेली. सुट्टीच्या गावात राहायला आलेल्या माणसाला सुट्टी संपली हे कुणी सांगायचं?

पेडण्याची_सून

बराच वेळ वाचतेय. घरात बार आला तेव्हा घरातल्या बाईचं काय झालं, हे इतक्या प्रतिसादांत एकाही पुरुषाने लिहिलं नाही. रात्रपाळीताईंनी त्या मुंग्यावाल्याच्या बायकोचं लिहिलं तेवढंच.

मी सांगते. तवेर्नात आमचे हे दहा रुपयांच्या चण्यांवर दोन तास काढायचे. घरी प्यायला लागले तर तळलेलं पाहिजे. बांगडा तळ, नाहीतर भजी, नाहीतर अंडी. संध्याकाळी साडेपाचला माझा गॅस पेटायचा तो साडेनऊला विझायचा. वर सासूबाई म्हणायच्या, "घरातच आहे ना डोळ्यांसमोर, बाहेर पडून राहण्यापेक्षा बरं." डोळ्यांसमोर म्हणजे माझ्या. त्यांना मोतीबिंदू.

मुलगा तेव्हा दुसरीत. ऑनलाइन वर्ग चालू होता, मी आतून बघितलं तर कोकम सरबताचा ग्लास कॅमेऱ्यासमोर धरून "चिअर्स" म्हणतोय. बाईंनी माइक बंद केला. त्या रात्री मी यांना एवढंच सांगितलं की उद्यापासून ग्लास गॅलरीत. ते गॅलरीत गेले, पण बाटली फ्रिजवरच राहिली.

तुम्ही सगळे म्हणताय की जागा बदलली. मग ती जागा कुणाची होती तेही लिहा. ते माझं स्वयंपाकघर होतं.

आणि हो, बायकांचंही बदललं. माझ्या दोन मैत्रिणी पहिल्यांदा घरात नवऱ्यासोबत वाइन घ्यायला लागल्या. तवेर्नात त्यांना कुणी पाऊल टाकू दिलं नसतं. एक म्हणते तेवढाच वेळ तो तिच्याशी बोलतो. यावर काय म्हणायचं मला कळलेलं नाही.

म्हादयकाठ

@पेडण्याची_सून, वाचून गप्प बसलो. चकण्याचं अगदी असंच. आमच्याकडे भजी.

वाळपयकार

+१. माझ्याही डोक्यात आलं नव्हतं हे.

लशीचं कुणी लिहिलं नाही. २०२१ ला आमच्या गावात लस आली तेव्हा निम्म्या पुरुषांचा एकच प्रश्न: "घेतल्यावर किती दिवस बंद?" कुणी म्हणे आठ, कुणी म्हणे पंचेचाळीस. सांजांव, म्हणजे जूनमधला सेंट जॉनचा सण, तोंडावर आलेला. विहिरीत उडी मारायची आणि वर कोप नाही, हे कसं चालायचं? दोघा-तिघांनी तेवढ्यासाठी लस पुढे ढकलली. त्याच मे महिन्यात राज्यात तपासलेल्या दोघांतला एक पॉझिटिव्ह निघत होता. मरणापेक्षा सांजांव चुकण्याची धास्ती जास्त.

रात्रपाळी

ते पंचेचाळीस म्हणजे मूळचे बेचाळीस दिवस, रशियन लशीवरून आलेले, तिकडच्या एका अधिकाऱ्यांनी तसा सल्ला दिला होता. आपल्या आरोग्य मंत्रालयाने स्पष्ट सांगितलं होतं की दारूने लशीचा परिणाम कमी होतो याला पुरावा नाही. पण "चालतं" हे कुणी पुढे पाठवत नाही, "चालत नाही" हेच फिरतं.

म्हादयकाठ, तुमच्यासाठी एक काम. आज नेहमीसारखे दोन पेग ओता, न बघता. मग पिण्याआधी खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजा. आकडा इथे टाका.

आकडेमोड

मोजायच्या आधी हिशोब हाताशी असू द्या. आपल्याकडे एक प्रमाण पेय म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की, रम किंवा फेणीचे ३० मिली म्हणजे एक. बिअरची ६५० ची बाटली ५ टक्क्यांची असेल तर अडीच, आणि ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर चार. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांनी शेवटचं वाक्य परत वाचावं. हुर्राकाचे ८५ मिली म्हणजे एक. लिटरची बाटली घरी नेणाऱ्याने जवळपास बारा नेली.

म्हादयकाठ

मोजलं.

घरात पेगचं माप नाही, मी स्टीलच्या पेल्यात घेतो. आत दिसत नाही, त्यामुळे अंदाज मनगटाचा. औषधाचं टोपण १० मिलीचं. पहिला पेला: साडेआठ टोपणं. दुसरा: साडेनऊ. मी परत मोजलं, तेवढंच.

म्हणजे ८५ आणि ९५, एकूण १८०. दोन पेग म्हणता म्हणता मी रोज बरोब्बर एक क्वार्टर संपवतोय. साडेसातशेची बाटली सहा दिवस जायला हवी ती पाचव्या दिवशी सकाळी जवळजवळ रिकामी असायची, तेव्हा मला मेहुण्याचा संशय यायचा. तो शनिवारी येतो. बिचाऱ्याला मी दोनदा टोमणाही मारलाय.

पितळी मापाची किंमत आज कळली. त्या तवेर्नाच्या जागी आता मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. पात्रांव लॉकडाउननंतर उघडायला आलाच नाही.

रात्रपाळी

खरं लिहिलंत, याला धीर लागतो. आता दोन गोष्टी.

सकाळी हात थरथरतात का? घाम येतो का? एखाद्या दिवशी नाही घेतली तर झोप उडते का? यातलं काही असेल तर एकदम बंद करू नका, आधी डॉक्टर. नसेल तर हळूहळू उतरवा आणि मापाशिवाय ओतू नका.

दुसरं, जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची चाचणी आहे, ऑडिट नावाची. मराठीत कुणाकडूनही विचारून घ्या, पाच मिनिटं लागतात. चाळीसपैकी गुण. आठ किंवा जास्त आले तर बोलायला हवं.

म्हादयकाठ

थरथर नाही. झोपेचं मात्र खरं आहे.

चाचणी केली. १४ आले. "घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी काळजी व्यक्त केली आहे का" या प्रश्नाला मी आधी "नाही" टाकत होतो. मग ती दारातून आत गेली ते आठवलं. चार गुण तिथे वाढले.

आकडेमोड

१४ म्हणजे तुम्ही नेमके त्या गटात बसता ज्यावर गोव्यातच अभ्यास झाला आहे. पर्वरीच्या संगाथ संस्थेच्या लोकांनी इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ऑडिटमध्ये १२ ते १९ गुण आलेल्या ३७७ पुरुषांवर प्रयोग केला, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती, आणि बैठका जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के धोक्याच्या बाहेर आले, न मिळालेल्यांत २६. जादू नाही, पण चार बैठकांत शंभरांत दहा माणसं जास्त सावरतात ही थोडी गोष्ट नव्हे. बिनऔषधी, नुसत्या बोलण्यावर.

शंकेखोर

मी पण मोजलं. आकडा सांगणार नाही. 😐

दोडामार्गी

शंकेखोर गप्प बसला म्हणजे धागा सार्थकी लागला.

म्हादयकाठ, जाऊन या हो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. माझ्या भावाने केला होता. पहिल्यांदा ठेवून दिला, दुसऱ्यांदा बोलला. बांबोळीच्या मनोरुग्णालयातही व्यसनाचा विभाग आहे, तिथे गेलं म्हणजे वेडा ठरलो असं काही नसतं.

शेकर

आणि ती स्टीलची भांडी बंद करा. काचेचा ग्लास, त्यावर रेघ. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात: जे दिसत नाही ते ओतायचं नाही. मालकाचं नुकसान होतं म्हणून शिकवतात, पण उपयोग तोच.

म्हादयकाठ

शुक्रवारी आरोग्य केंद्रात जाऊन आलो. सोमवारी परत बोलावलंय. काचेचा ग्लास आणला, मापही आणलं, स्टीलचं मिळालं, पितळी कुठे मिळेना. सध्या साठचा एक, रोज नाही. बुधवार-शनिवारवर कधी येईन ते माहीत नाही. सगळ्यांचे आभार.

पेडण्याची_सून

वहिनींना हा धागा दाखवलात का?

म्हादयकाठ

दाखवला. चष्मा लावून सगळा वाचला. म्हणाली, "भंगारवाल्याने सांगितल्यावर कळलं होय तुम्हाला? गोणी दर वेळी मीच बांधून ठेवते."